‘चळवळ’ची ‘चलवल’

दहावीच्या समाजविज्ञानाच्या एका उत्तरपत्रिकेत ‘असहकार चलवल’ असं लिहिलंय. त्याच पानावर खाली ‘टिलक’ आहेत. पुढच्या पानावर ‘त्या कालात’. उत्तरपत्रिका माझ्या धाकट्या भावाची. अक्षर त्याचं नाही.

बोर्डाकडे पैसे भरून प्रत मागवली तेव्हा हे दिसलं. भावाला विचारलं तर म्हणाला, “अक्का, मी चळवळच सांगितलो बघ. त्यानं तीनदा विचारलं कसं लिहायचं म्हणून. वेळ चाललाय म्हणून मीच म्हटलं, लिही काय येतंय ते.”

भावाची नजर जन्मापासून कमी आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा दोष, चष्म्याने सुधारत नाही. पुस्तक नाकाला लावून तो वाचतो, पण तीन तास पेपर वाचून लिहिणं त्याला झेपत नाही. म्हणून लेखनिक. आमच्याकडे सगळे रायटरच म्हणतात. रायटरची कामं दोन : प्रश्न वाचून दाखवायचा आणि मुलगा सांगेल ते लिहायचं. आम्ही मराठी माध्यमाची नववीतली एक मुलगी ठरवली होती. दोघांनी महिनाभर सराव केला होता. पेपरच्या दिवशी केंद्रावर सांगण्यात आलं, हिच्या मंजुरीचा कागद आलेला नाही. कागद तालुक्याच्या ठिकाणी कुणाच्या तरी टेबलावर पडून होता, ते मागाहून कळलं. मग केंद्राने आपला रायटर दिला. कन्नड माध्यमाचा, नववीचाच मुलगा. देवनागरी त्याला येत होती, पण हिंदीच्या तासाला शिकलेली. हिंदीत ‘ळ’ नाही. आवाज त्याच्या ओळखीचा होता, कन्नडमध्ये ‘ळ’ आहेच की. पण तो देवनागरीत कसा काढतात हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या पोराचा काय दोष? उलट तोच बिचारा घामाघूम झाला होता म्हणे. ‘सार्वभौमत्व’, ‘धर्मनिरपेक्षता’, ‘विकेंद्रीकरण’ असले शब्द एकेक अक्षर जुळवत वाचून दाखवत होता, आपण परगावी दुकानाच्या पाट्या वाचतो तसं. भावाला नियमाप्रमाणे एक तास जादा मिळाला होता. तो सगळा तास या वाचण्यात गेला. शेवटचे चार प्रश्न कोरे.

‘चलवल’ लिहिलं म्हणून परीक्षकाने गुण कापले, असं मी म्हणत नाही. समजून घेतलं असेल कदाचित. गुण गेले ते कोऱ्या पानांवर. समाजविज्ञानात ४१ पडले. कर्नाटकात आता दहावीला तीन परीक्षा असतात, एक, दोन, तीन, आणि त्यातले जास्तीचे गुण धरतात. दुसऱ्या परीक्षेला आम्ही मंजुरीचा कागद हातात पडेपर्यंत उठलोच नाही. आमचीच मुलगी रायटर बसली. ७२ पडले. मुलगा तोच, पुस्तक तेच, मधे फक्त दोन महिने.

हे ३१ गुण कुणी घेतले होते, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तो मी फक्त बेंगळूरला विचारत नाही. तो आपल्यालाही आहे, म्हणून या पानावर लिहितेय.

आधी कायदा बघू. मी राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वर्गात मूलभूत हक्क पाठ केलेत, पण दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा मी भावाच्या पायी वाचला, अभ्यासक्रमापायी नाही. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, या कायद्यात २१ धरलंय. त्यात एक शब्दप्रयोग आहे, ‘रीझनेबल अकॉमोडेशन’. मराठीत आपण वाजवी सोय म्हणू. म्हणजे ज्या मुलाला जे लागतं ते, अवाजवी भार न पडता जेवढं करता येईल तेवढं करून देणं. आणि कायदा पुढे स्पष्ट म्हणतो की ही सोय नाकारणं हाच भेदभाव. वाईट हेतू होता का, कुणी शिवी दिली का, हे शोधत बसायची गरज नाही. सोय दिली नाही, झाला भेदभाव.

म्हणून मला ‘सवलत’ या शब्दाचा राग येतो. शाळेत, कार्यालयात, बोर्डाच्या कागदावर सगळीकडे सवलत. एसटीच्या तिकिटात मिळते ती सवलत. दुकानदार दिवाळीला देतो ती सवलत. आपला पेपर आपल्याला समजेल असा वाचून दाखवला जाणं ही सवलत कशी काय? बाकीच्या मुलांना छापलेला पेपर डोळ्यांनी वाचता येतो, त्याला कुणी सवलत म्हणतं का? हा शब्द एकदा तोंडात बसला की पालक हात जोडूनच आत जातो आणि साहेब उपकार केल्यासारखी सही करतो. माझी आई तशीच गेली होती. मी नंतर भांडले, तेव्हा माझ्याकडेच उद्धट म्हणून बघितलं गेलं.

केंद्राच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ ला लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ हा त्यातलाच. आपल्या लोकांनी त्यातल्या दोन ओळी पाठ कराव्यात. पहिली, लेखनिक आपला आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांकडून मागायचा, हे विद्यार्थी ठरवेल, आणि त्यांनी दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटून तो चालेल की नाही हे तपासायची संधी मिळाली पाहिजे. दुसरी, वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांच्या पेपरांना, वेगवेगळे लेखनिक घेता येतील. म्हणजे दिल्लीत बसून ज्याने हे लिहिलं त्याला कळलं होतं की लेखनिकाला ती भाषा यायला लागते. आमच्या केंद्रावर ते कळत नव्हतं. तिथे उत्तर आलं, “देवनागरी येते की त्याला, अजून काय पाहिजे?”

आता हेलपाट्यांबद्दल. नावं घेत नाही, कारण खुर्च्या बदलल्या तरी गोष्ट हीच राहील. पहिल्या कार्यालयात मी मराठी येणारा लेखनिक मागितला. ते म्हणाले, मराठीचं असेल तर भाषिक अल्पसंख्याकांचं बघतात त्यांना विचारा. तिथे गेले. ते म्हणाले, अपंगांचं असेल तर दिव्यांग कल्याणवाल्यांना विचारा. तिथे गेले. ते म्हणाले, परीक्षेचं आहे ना, मग बोर्डाला विचारा. बोर्डाचा फोन कुणी उचलला नाही. तीन ठिकाणी तीन माणसं, आणि खरं सांगायचं तर तिघेही नीट बोलले. एकाने चहा पाजला. पण तिघांच्याही फायलीत माझा भाऊ नव्हता. एका फायलीत मराठी मुलं होती, ती सगळी डोळस. दुसऱ्या फायलीत दिव्यांग मुलं होती, ती सगळी कन्नड.

यात सगळ्यात नाजूक मुद्दा भाषा-सुटीचा आहे, आणि तोच आपल्यात नीट बोलला जात नाही. कायद्याचं कलम १७ सरकारने काय काय करायचं ते सांगतं. त्यातल्या ‘आय’ या पोटकलमात अभ्यासक्रमात आणि परीक्षेत करायचे बदल आहेत : जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. कायदा देशभरासाठी लिहिलाय, त्यात बेळगाव कुणाच्या डोक्यात नव्हतं. पण सीमाभागात हे वाक्य वाचलं की दोन्हीकडचे कान टवकारतात. २०१५ च्या कर्नाटकच्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची आहे. मग मराठी माध्यमातल्या एखाद्या मतिमंद किंवा डिस्लेक्सिया असलेल्या मुलाने दुसऱ्या भाषेतून सूट मागितली की तिकडच्यांना वाटतं, हे मराठीवाल्यांचं नवीन राजकारण. आणि आपल्यातल्या काहींच्या डोळ्यात लगेच चमक येते, ही मी पाहिलीय. एक जण मला म्हणाले, “बरं झालं की गं, कन्नडसक्तीवर हा एक मार्ग सापडला.”

नाही काका. तो मार्ग तुमचा नाही. ती सूट त्या मुलाची आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणी आपला झेंडा लावू नये. माझा भाऊ क्रिकेटची कॉमेंट्री कन्नडमध्ये ऐकतो, त्याने कन्नडमधून सूट घेतली नाही आणि त्याला कन्नडमध्ये मराठीपेक्षा जास्त गुण आहेत. (घरी यावरून त्याला भरपूर चिडवलं जातं.) दुसऱ्या एखाद्या मुलाला तीन भाषांचा भार खरंच पेलत नसेल, तर त्याने सूट घ्यावी आणि कुणाला सफाई देऊ नये.

प्रत्यक्षात होतं काय, तर उलटच. आमच्या ओळखीच्या एका पालकाला शाळेत सांगितलं गेलं, भाषा कमी करायची असेल तर मराठीच सोडा, पोराला कन्नड माध्यमात घाला, तिथे मदत करणारे शिक्षक मिळतील. कायदा म्हणतो दुसरी आणि तिसरी. आमच्या मुलांना सोडायला सांगतात ती पहिली! आणि पालक ऐकतात. कारण त्याला मराठी की कन्नड हा प्रश्नच नसतो, त्याला पोरगं पास व्हायला हवं असतं.

ऐकून न ऐकल्यासारखं करण्याचं आणखी एक उदाहरण. माझ्या आजोळी, खानापूर तालुक्यात, एक मुलगा आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. सहाव्या वर्षी त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवासी शाळेत टाकलं. तिथे ओठ बघून शब्द ओळखायला आणि बोलायला शिकवतात, अर्थात कन्नडमध्ये. गणपतीला घरी येतो तेव्हा आजीच्या ओठांकडे टक लावून बघतो. आजी म्हणते पाणी. त्याला ते ओठ ओळखीचे नाहीत, त्याला ‘नीरू’ माहीत आहे. शेवटी सत्तरीतली आजी ‘नीरू’ म्हणायला शिकली. एक शब्द जमला. पण आज शाळेत काय झालं, कुणी मारलं का, जेवायला काय होतं, हे ती कसं विचारणार?

याच कायद्याचं कलम १६, पाचवं पोटकलम म्हणतं की अंध, कर्णबधिर मुलांचं शिक्षण त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेत आणि संवादाच्या साधनांनी झालं पाहिजे. ‘योग्य’ कुणाला, शाळेच्या सोयीला की त्या मुलाला? आणि कलम ३१ म्हणतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी त्याच्या पसंतीची असेल तिथे, मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती हा शब्द कायद्यातच आहे. “हे पोर आमच्याकडे नको, त्या शाळेत न्या,” हे सांगायचा अधिकार हेडमास्तरांना कुणी दिला?

या मुलाला मराठी ओठ शिकवा अशी माझी मागणी नाही, हेही सांगते. त्याला भारतीय सांकेतिक भाषा शिकवा, आणि त्याच्या घरच्यांनाही शिकवा. ती ना मराठीची आहे ना कन्नडची. ती शाळेत कन्नड पुस्तकाशी जोडता येते आणि घरी आजीच्या मराठीशी. ब्रेलचंही तसंच आहे, आणि हे मला कळलं तेव्हा मी खूप वेळ गप्प बसले होते. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतल्या सारख्या आवाजांना सारखेच ठिपके आहेत. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ बोटाला एकच लागतात. ‘ळ’ सुद्धा एकच. भावाच्या रायटरला ब्रेल येत असतं तर टिळकांचा टिलक झाला नसता! ज्या लिपीवरून आपण पाट्यांना काळं फासतो, एकमेकांच्या बसगाड्या अडवतो, ते भांडण ब्रेल वाचणाऱ्या मुलाच्या बोटाखाली नाहीच. त्याला फक्त पुस्तक हवंय. भाषा घरची, ठिपके सगळ्यांचे.

पुस्तकाचं सांगायचं राहिलं. भाऊ ब्रेल वाचत नाही, त्याला मोठ्या अक्षरातलं पुस्तक लागतं. कलम १७ ‘जी’ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत द्यायची आहेत. आम्ही मागितलं तेव्हा उत्तर आलं, मराठीत मागणी नाही. मग आम्ही गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे पानं मोठी करून घेतली. समाजविज्ञानाचं एक पुस्तक साडेसहाशेला पडलं. बाबा रिक्षा चालवतात. मागणी नाही म्हणे! मागणी काय, आम्ही समोर उभे होतो ना.

वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांची गत तर आणखी वाईट, कारण त्यांचं अपंगत्व दिसतच नाही. सीमाभागात एखादं मराठी मूल वाचताना अडखळलं की म्हणतात, तीन भाषांचा गोंधळ होतोय, होईल सावकाश. नाहीतर उलट, कन्नड वाचता येत नाही म्हणून त्याला ढ ठरवतात. डिस्लेक्सिया आहे की नुसती नवी भाषा जड जातेय, हे ठरवायचं तर आधी त्याच्या घरच्या भाषेत तपासायला हवं. अशी चाचणी आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली ‘डाली’ हिंदी, इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा चार भाषांत आहे. योगायोग बघा, आपल्याला लागणाऱ्या सगळ्याच भाषा त्यात आल्या. ती आपल्या तालुक्यात कुणी वापरावी, अशी मागणी आपण एकदा तरी केलीय?

आता आपल्याकडे येते.

लहानपणापासून मी १ नोव्हेंबरला काळी फीत लावलीय. १ जूनला हिंडलग्याला हुतात्मा स्मारकावर गेलेय. मराठीत परिपत्रकं द्या, सातबारा मराठीत द्या, १५ टक्क्यांपेक्षा जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे त्यांच्या भाषेत सरकारी कागद द्या, हे मी घोषणेत ओरडलेय आणि पुढेही ओरडणार आहे. पण इतक्या वर्षांत आपल्या एकाही निवेदनात मराठी ब्रेल, मोठ्या अक्षरातलं मराठी पुस्तक, मराठी लेखनिक हे शब्द मी वाचले नाहीत. माझ्याकडे घरी अशा निवेदनांचा गठ्ठा आहे, बाबांनी जपलेला. मी सगळा चाळला. आपण मराठी मुलांसाठी भांडतो म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यासमोर जे मूल असतं ते बघणारं, ऐकणारं, पळणारं असतं.

आणि आपल्याच शाळा? भावाला पाचवीत घालताना एका मराठी संस्थेच्या शाळेत आम्हाला सांगितलं गेलं, “आमचा निकाल बघितलाय ना? अशी मुलं घेतली की टक्का पडतो.” हे कन्नड अधिकाऱ्याने म्हटलं असतं तर त्या दिवशी मोर्चा निघाला असता. शुद्ध मराठीत, आपल्याच माणसाने म्हटलं म्हणून आम्ही नमस्कार करून बाहेर आलो. पट कमी होतोय, शाळा बंद पडतायत म्हणून आपणच गळा काढतो, आणि दारात आलेलं पोर परत पाठवतो.

काही संस्थाचालकांचा एक वकिली युक्तिवाद असतो. आम्ही भाषिक अल्पसंख्याक संस्था, घटनेच्या कलम ३० ने आम्हाला स्वायत्तता दिलीय, २०१४ च्या प्रमती निकालाने आरटीई आम्हाला लागू नाही. आरटीई लागू नसेल. दिव्यांग हक्क कायदा वेगळा आहे. त्याच्या कलम १६ मध्ये सरकारने अनुदान दिलेल्या ‘किंवा मान्यता दिलेल्या’ सगळ्या शिक्षणसंस्था येतात. भेदभाव न करता प्रवेश, इमारतीत ये-जा करता येणं, वाजवी सोय, हे सगळं त्यात आहे. त्या कलमाची सुरुवात ‘सरकार प्रयत्न करेल’ अशी लेचीपेची आहे, हे मान्य. पण कलम ३० हे आपली भाषा टिकवायला मिळालेलं कवच आहे. आपल्याच भाषेतल्या मुलाला दाराबाहेर ठेवायला ते वापरायचं असेल, तर निदान ते मराठीच्या नावाने वापरू नका.

इमारतींवर फार लिहीत नाही, सगळ्यांना दिसतंय. पायऱ्या, उंच उंबरे, चाकाची खुर्ची वळणार नाही असे संडास. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला कायद्याने नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे. मुदत २०२२ मध्ये संपली. आपल्या सभांच्या व्यासपीठांना तरी उतार कुठे असतो?

महाराष्ट्राकडूनही एक मागणं आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली तेव्हा दोन्ही राज्यांत केवढा गदारोळ झाला. बरं, झाला तो झाला. पण कर्नाटकातल्या मराठी माध्यमाची पुस्तकं बालभारतीची नाहीत, ती कर्नाटकचीच, मराठीत केलेली. म्हणजे पुण्यात छापलेलं ब्रेल पुस्तक आमच्या दहावीला उपयोगाचं नाही. महाराष्ट्राने आमचीच पुस्तकं ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरात आणि आवाजात करून दिली, तर त्यावर कोण भांडेल? एका मंत्र्याच्या सीमाभाग दौऱ्याच्या खर्चात किती पुस्तकं होतील, ते त्यांनीच मोजावं. आणि मुंबई-पुण्यातून आमच्यासाठी पोस्ट टाकणाऱ्यांनो, एकेक धडा मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करून पाठवा. तेवढं केलं तरी माझा भाऊ तुम्हाला दुवा देईल.

आमचं काय चाललंय ते सांगते. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे कुणालाही आपली तक्रार केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येते. आपण हे कलम नेहमी सांगतो, वापरत मात्र क्वचितच. आम्ही चार घरांनी मिळून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार लिहिलीय, मराठीत. मागण्या अगदी साध्या आहेत. लेखनिकाच्या अर्जात परीक्षेच्या माध्यमाचा रकाना असावा. केंद्राने द्यायचा लेखनिक त्याच माध्यमाचा असावा आणि दोन दिवस आधी भेटावा. अर्जाचा नमुना मराठीतही मिळावा, कारण माझ्या आईला तो वाचता आला नाही. कलम १७ मध्ये दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायला सांगितलंय, त्या पाहणीत दिव्यांग मुलाची घरची भाषा नोंदवावी. म्हणजे पुढच्या वेळी ‘मराठीत मागणी नाही’ असं कुणाला म्हणता येणार नाही. याच कायद्यात दंडाचंही कलम आहे, पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. तो कुणाला व्हावा अशी इच्छा नाही, पण अर्जाच्या शेवटी ते कलम आम्ही लिहिलंय. त्या ओळीनंतर पोचपावती लवकर मिळते, असा अनुभव आहे.

ज्यांच्या मुलांच्या दाखल्यावर ४० टक्क्यांपेक्षा कमी लिहिलंय त्यांनी घरी बसू नये. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितलंय की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. निकालाची प्रत आमच्याकडे आहे, झेरॉक्स करून देऊ. दाखला कर्नाटकात काढला तरी तो देशभर चालतो, कोल्हापूरला कॉलेजला गेलात तरी. तिथे कुणी नवा काढायला सांगितलं तर कलम ५८ दाखवा.

आणि तुमच्या गावच्या शाळेत एसडीएमसीची बैठक होते ना, तिथे जा. आपले पालक त्या समितीवर असतात आणि फक्त गॅदरिंगच्या वर्गणीवर बोलतात. दिव्यांग मुलांची मदत करणारे फिरते शिक्षक तालुक्याला मोजकेच, तेही आपल्या शाळेत कधी आले होते, हे एकदा वहीत बघून विचारा.

पुढच्या मार्चसाठी आम्ही रायटरची यादी करतोय. नववीतली, मराठी माध्यमाची, अक्षर वाचता येईल असं असलेली मुलं-मुली हवीत. अभ्यासात हुशार असलीच पाहिजेत असं नाही, कान लावून ऐकणारी हवीत. सराव डिसेंबरपासून, दर रविवारी दोन तास, आमच्या घरी किंवा तुमच्या गावात जागा असेल तर तिथे. आतापर्यंत बेळगाव शहरातून सहा नावं आली, निपाणीकडून दोन. खानापूर तालुक्यातून अजून एकही नाही, आणि तिथून लेखनिक मागणारी तीन मुलं आहेत.